युरोपातल्या चिप-संशोधनाचा सरकारी निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या विद्यापीठांत, प्रयोगशाळांत आणि छोट्या कंपन्यांत काम करणारे मराठी अभियंते चिप्स जेयूच्या (चिप-संशोधनाला पैसा देणाऱ्या युरोपीय संस्थेच्या) निधीबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. टक्केवारी, अंतिम तारखा, कोणत्या देशाने किती रक्कम ठेवली या गोष्टी दरवर्षी बदलतात. त्या त्या वर्षाच्या वर्क प्रोग्रॅममध्येच, म्हणजे वार्षिक कार्ययोजनेतच, बघाव्यात. घाईत असाल तर प्रश्न ६ आणि ७ आधी वाचा. बहुतेक अडचणी तिथेच उगम पावतात.

१. हा पैसा नेमका देतं कोण?

तिघेजण मिळून: युरोपीय संघ, सहभागी देशांची सरकारं आणि प्रकल्पात उतरणाऱ्या कंपन्या व संस्था स्वतः. कारभार पाहणारी संस्था ब्रसेल्समध्ये आहे. तिचं नाव चिप्स जॉइंट अंडरटेकिंग, बोलीत चिप्स जेयू. युरोपीय आयोग आणि सहभागी देश तिचे सदस्य आहेतच, शिवाय उद्योगाच्या तीन संघटनाही आहेत: नॅनोइलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची एनीअस, एम्बेडेड (यंत्रातच बसवलेल्या संगणक) प्रणालीवाल्यांची इनसाइड आणि स्मार्ट सिस्टिम्सवाल्यांची एपॉस. संघाचा वाटा ४.१७५ अब्ज युरोपर्यंत ठरलेला आहे. त्यातले २.८७५ अब्ज पायलट लाइनसारख्या (नवं तंत्रज्ञान छोट्या प्रमाणावर करून बघायच्या उत्पादन-व्यवस्थेसारख्या) क्षमता उभारणीच्या कामांसाठी आहेत. नेहमीचे सहयोगी संशोधन प्रकल्प उरलेल्या रकमेतून चालतात.

२. एक्सेल, केडीटी आणि चिप्स जेयू या वेगवेगळ्या योजना आहेत का?

नाहीत, एकाच योजनेची ही पुढची पुढची रूपं आहेत. २००८च्या सुमारास दोन संस्था कामाला लागल्या: एम्बेडेड प्रणालींसाठी आर्टेमिस आणि नॅनोइलेक्ट्रॉनिक्ससाठी एनिअ‍ॅक. चिपवाले एका दारी अर्ज करायचे, सॉफ्टवेअरवाले दुसऱ्या. गाडीच्या रडारला मात्र चिप, तिचं पॅकेजिंग आणि तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर हे तिन्ही एकदमच लागतं. म्हणून २०१४मध्ये दोन्ही संस्था एकत्र करून, त्यात स्मार्ट सिस्टिम्सची भर घालून एक्सेल ही संस्था केली गेली. नोव्हेंबर २०२१मध्ये तिच्या जागी केडीटी आली. साथीच्या काळात चिपअभावी गाड्यांचे कारखाने थांबले होते, म्हणून युरोपने चिप्स कायदा केला आणि सप्टेंबर २०२३मध्ये केडीटीची चिप्स जेयू झाली.

जुन्या कागदपत्रांत एक्सेल किंवा केडीटी दिसलं तर गोंधळू नका. पण त्या काळातल्या प्रकल्पांचे हिशेब त्या काळच्याच नियमांनी होतात, हे विसरू नका (प्रश्न १० पाहा).

३. एकटी कंपनी अर्ज करू शकते का?

संशोधन प्रकल्पांसाठी नाही. तीन वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकींपासून स्वतंत्र अशा किमान तीन संस्था हव्यात. हे देश संघाचे सदस्य किंवा होरायझन युरोप या संघाच्या संशोधन कार्यक्रमाशी संलग्न असले पाहिजेत आणि तिघांतला निदान एक तरी सदस्य देश हवा. प्रत्यक्षात तिघांचा प्रकल्प क्वचितच दिसतो. इथले प्रकल्प मोठे असतात. २०१७मध्ये सुरू झालेल्या, इन्फिनिऑनच्या नेतृत्वाखालच्या ‘प्रॉडक्टिव्ह ४.०’ प्रकल्पात शंभराहून अधिक भागीदार होते.

छोट्या कंपनीने याला घाबरू नये. मोठ्या प्रकल्पात तुमच्या वाट्याला एखादं नेमकं काम येतं, आणि ते करताना एरवी ज्यांच्या खरेदी विभागापर्यंतही पोचता आलं नसतं अशा कंपन्यांच्या अभियंत्यांबरोबर तुम्ही तीन वर्षं बसता. माझ्या मते निधीपेक्षाही हा फायदा मोठा आहे.

४. आमचा विषय यात बसतो का, हे कुठे कळेल?

वर उल्लेख केलेल्या तीन संघटना मिळून दरवर्षी संशोधनाची एक दिशापत्रिका काढतात. तिला सगळे ‘एसआरआयए’ म्हणतात. चिपनिर्मितीच्या प्रक्रिया, साहित्य आणि यंत्रं, सुट्या भागांची जोडणी, एम्बेडेड सॉफ्टवेअर, एज एआय (उपकरणातच चालणारी एआय), जोडणी-तंत्रज्ञान, डिझाइनची साधनं, विश्वासार्हता आणि सायबरसुरक्षा हे सगळं त्यात येतं. शिवाय वाहनं, ऊर्जा, कारखाने, आरोग्य, शेती आणि डिजिटल समाज अशी वापराची क्षेत्रं आहेत. आपल्या कल्पनेचा धागा यातल्या कोणत्या प्रकरणातल्या कोणत्या आव्हानाशी जुळतो, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर हा निधी आपल्यासाठी नाही असं समजावं आणि दुसरीकडे बघावं.

५. आरआयए आणि आयए यांत फरक काय?

आरआयए म्हणजे संशोधनाकडे झुकलेला प्रकल्प. कल्पना प्रयोगशाळेत सिद्ध करायची आणि नमुना तयार करायचा. आयए बाजाराच्या जास्त जवळचा असतो. तिथे पायलट लाइन, चाचणीची मोठी व्यवस्था, खऱ्या परिस्थितीतलं प्रात्यक्षिक अपेक्षित असतं. मोजमाप टीआरएलच्या, म्हणजे तंत्रज्ञान किती तयार आहे याच्या, १ ते ९ या पट्टीवर होतं. आयएमध्ये मोठ्या कंपन्यांना मिळणारी टक्केवारी सहसा कमी असते, कारण फळ लवकर त्यांच्याच हाती येणार असतं.

६. खर्चाच्या किती टक्के रक्कम मिळते?

नेहमीच्या होरायझन युरोप प्रकल्पांची सवय असलेले लोक इथे हमखास चुकतात. तिथे विद्यापीठाला बहुतेक वेळा शंभर टक्के खर्च मिळतो. इथे ब्रसेल्स खर्चाचा फक्त एक हिस्सा देतं, दुसरा हिस्सा तुमच्या देशाने द्यायचा असतो आणि उरलेला तुमचा. विद्यापीठं आणि छोट्या कंपन्यांचा दर जास्त असतो, मोठ्या कंपन्यांचा कमी.

आकड्यांत बघू. यातले टक्के समजण्यापुरते धरलेले आहेत. एका छोट्या कंपनीत एका अभियंत्याचा वर्षाचा एकूण पगारखर्च, मालकाने भरायच्या सामाजिक सुरक्षेच्या रकमांसह, ८६,००० युरो आहे. ८६,००० भागिले २१५ म्हणजे दिवसाला ४०० युरो. त्याने प्रकल्पावर ६० दिवस काम केलं तर २४,००० झाले. त्यावर अप्रत्यक्ष खर्चापोटी सरसकट २५ टक्के, म्हणजे ६,०००. एकूण ३०,०००. ब्रसेल्सचा दर ३० टक्के धरला तर तिथून ९,००० येतील. देशाने २५ टक्के दिले तर ७,५००. बाकीचे १३,५०० कंपनीच्या खिशातून.

यात आणखी एक खाच आहे. देशाचं कार्यालय पात्र खर्च आपल्या नियमांनी मोजू शकतं आणि अप्रत्यक्ष खर्चाचा त्याचा दरही निराळा असू शकतो. म्हणजे तोच माणूस, तेच ६० दिवस, पण दोन वह्यांत दोन बेरजा. पहिल्या दिवसापासून दोन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवा.

७. ब्रसेल्सने प्रस्ताव मंजूर केला की देशाचा वाटा आपोआप येतो ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि दुर्दैवाने तो बहुतेकदा उशिरा विचारला जातो.

प्रत्येक सहभागी देश त्या वर्षाच्या कॉलसाठी (प्रस्ताव मागवण्याच्या फेरीसाठी) आपली रक्कम आणि आपल्या अटी जाहीर करतो. त्या वर्क प्रोग्रॅमच्या देशवार परिशिष्टात असतात. कुठे मोठ्या कंपन्यांना पैसे नाहीत, कुठे एका भागीदाराला किंवा एका प्रकल्पाला कमाल मर्यादा आहे, कुठे देशात वेगळा अर्ज भरावा लागतो आणि त्याची तारीख ब्रसेल्सच्या तारखेच्या आधीची किंवा नंतरची असते. काही देश पैसे चिप्स जेयूमार्फतच वाटतात. तिथे काम सोपं होतं. इतरत्र दोन करार, दोन अहवाल आणि दोन वेळापत्रकं सांभाळावी लागतात.

म्हणून प्रस्तावाचं पहिलं पान लिहिण्याआधी आपल्या देशाच्या निधी-कार्यालयाला फोन करा. नेदरलँड्समध्ये आरव्हीओ, ऑस्ट्रियात एफएफजी, स्वीडनमध्ये व्हिनोव्हा, फिनलंडमध्ये बिझनेस फिनलंड. बेल्जियममध्ये तर देशाऐवजी प्रदेश बघावा लागतो. संस्था लुवेनला असेल तर फ्लांडर्सचं व्हीएलएआयओ, ब्रसेल्स शहरात असेल तर इनोव्हिरिस. फोनवर तीन गोष्टी विचारा: आमच्यासारख्या संस्थेला या वर्षी पैसे आहेत का, आमच्या कामाच्या प्रकाराला आहेत का, आणि तुमच्याकडे वेगळा अर्ज कधीपर्यंत द्यायचा. तिथे बसलेली माणसं हेच काम रोज करतात आणि नीट विचारलं तर नीट सांगतात. हा फोन न करणाऱ्या भागीदारामुळे सबंध कन्सोर्टियमला (भागीदारांच्या गटाला) शेवटच्या आठवड्यात बजेट पुन्हा मांडावं लागतं.

८. अर्ज एकदाच करायचा की दोनदा?

कॉलवर अवलंबून. काही कॉल एकटप्पी असतात. दोन टप्प्यांच्या कॉलमध्ये आधी थोडक्यात आराखडा आणि नंतर पूर्ण प्रस्ताव द्यायचा. आराखड्याचा टप्पा औपचारिक समजून सोडू नका. त्यावर जे अभिप्राय येतात, त्यांत देशांच्या कार्यालयांचा कल वाचता येतो. अर्ज संघाच्या फंडिंग अँड टेंडर्स पोर्टलवर होतो आणि त्यासाठी संस्थेचा नऊ अंकी पिक क्रमांक लागतो. विद्यापीठाकडे तो बहुधा आधीपासून असतो. दुसरा काढू नका, संशोधन विभागात विचारा.

सरकारी संस्था, संशोधन संस्था आणि विद्यापीठं यांच्याकडे स्त्री-पुरुष समानतेची लेखी योजनाही असावी लागते. करारावर सही करण्याच्या वेळी ती नसेल तर गाडी तिथेच अडते.

९. गुण चांगले मिळाले, तरी प्रकल्प नाकारला. असं कसं?

गुण स्वतंत्र तज्ज्ञ देतात. संशोधनाचा दर्जा, त्याचा परिणाम आणि अंमलबजावणीची गुणवत्ता हे तीन निकष असतात. पण अंतिम निवड करताना युरोपीय आयोग आणि सहभागी देशांचं मंडळ पैशाची सांगडही घालतं. समजा गुणानुक्रमात वरच्या प्रकल्पांनीच एखाद्या देशाची रक्कम संपवली, तर खालच्या प्रकल्पातल्या त्या देशाच्या भागीदारांसाठी काही उरत नाही. ते भागीदार कळीचे असतील तर प्रकल्प उभाच राहत नाही.

याला उपाय एकच: बजेट मोजक्या देशांत कोंबू नका. पाच देशांच्या प्रस्तावात सत्तर टक्के खर्च एकाच देशाचा असेल, तर त्या देशाच्या तिजोरीत तेवढी जागा आहे का हे आधी विचारून घ्या (प्रश्न ७).

१०. पगाराचा हिशेब कसा ठेवायचा? तासांचा की दिवसांचा?

होरायझन युरोपच्या नियमांत दिवसांचा. पूर्णवेळ माणसाचं वर्ष २१५ दिवसांचं धरतात. तास नोंदवत असाल तर आठ तासांचा एक दिवस करतात. आधीच्या होरायझन २०२०मध्ये वर्षाला १,७२० तासांची पद्धत होती. एक्सेलच्या काळातले जुने तक्ते उघडून नवे हिशेब भरू नका.

वेगळी वेळनोंद नसेल तर दर महिन्याला एक साधं निवेदन पुरतं: कोण, कोणत्या प्रकल्पावर, कोणत्या वर्क पॅकेजसाठी (प्रकल्पाच्या कोणत्या भागासाठी), किती दिवस. त्यावर त्या व्यक्तीची आणि तिच्या वरिष्ठाची सही. ही सही महिना संपताच घ्या. वर्षाअखेरी एका बैठकीत बाराही महिन्यांवर सह्या केल्या, तर ऑडिटर ते कागद बघताच ओळखतो. एका माणसाचे सगळ्या युरोपीय प्रकल्पांवरचे दिवस मिळून वर्षाला २१५च्या वर जाऊ शकत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. दोन विभागांनी एकमेकांना न विचारता एकच संशोधक दोन प्रकल्पांत दाखवला की हा आकडा ओलांडला जातो.

११. चाचणीचं महागडं यंत्र या पैशातून घेता येईल का?

घेता येईल, पण सहसा पूर्ण किंमत मिळत नाही. मिळतो तो घसारा. धरा, यंत्र २,४०,००० युरोंचं आहे आणि त्याचं आयुष्य हिशेबात पाच वर्षं धरलंय. वर्षाचा घसारा ४८,०००. प्रकल्पात दोन वर्षं वापरलं, पण निम्माच वेळ, तर दाखवता येतील ते ४८,००० युरो. पूर्ण किंमत दाखवायला कॉलमध्ये तशी स्पष्ट मुभा हवी. यंत्र प्रकल्पाच्या शेवटच्या सहामाहीत आलं तर हाती फारच थोडं लागतं, म्हणून खरेदी लवकर करा.

१२. पैसे कधी हातात येतात?

कॉलची मुदत संपल्यापासून करार होईपर्यंत साधारण आठ महिने धरा. करार झाला की ब्रसेल्सच्या वाट्यातली आगाऊ रक्कम को-ऑर्डिनेटरकडे (प्रकल्पाच्या मुख्य भागीदाराकडे) येते आणि तो ती भागीदारांना वाटतो. त्यातून एक छोटा भाग परस्पर विमा निधीसाठी सुरुवातीलाच कापला जातो आणि शेवटी परत मिळतो. पुढचे हप्ते अहवाल मंजूर झाल्यावर येतात. देशाचा वाटा त्याच्या स्वतःच्या चालीने येतो. काही देश आगाऊ देतात, काही खर्च झाल्यावर. छोट्या कंपनीने काही महिने स्वतःच्या पैशावर तग धरण्याची तयारी ठेवावी.

१३. आमच्याकडे फक्त चाळीस माणसं आहेत. आम्ही छोटी कंपनी ठरतो ना?

माणसांच्या संख्येवरून एवढ्यात ठरवू नका. संघाच्या २००३च्या व्याख्येनुसार २५०पेक्षा कमी कर्मचारी, आणि उलाढाल ५ कोटी युरोपर्यंत किंवा ताळेबंद ४.३ कोटी युरोपर्यंत हवा. पण मोजणी तुमची एकट्याची होत नाही. तुमच्यात एखाद्या कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा असेल, तर तिची सगळी माणसं आणि सगळी उलाढाल तुमच्यात मिळवली जाते. हिस्सा २५ ते ५० टक्के असेल तर त्या प्रमाणात मिळवली जाते. विद्यापीठं आणि व्हेंचर कॅपिटल यांच्यासाठी काही सवलती आहेत.

मोठ्या समूहाने नुकत्याच विकत घेतलेल्या स्टार्टअपला हे सर्वांत जास्त भोवतं. ऑफिस तेच, माणसं तीच, पण नियमाच्या नजरेत कंपनी मोठी. त्यामुळे दर खाली येतो आणि प्रश्न ६मधलं गणित पार बदलतं.

१४. मी भारतीय नागरिक आहे. मला चालेल का? आणि भारतातली संस्था भागीदार होऊ शकते का?

तुमच्या नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. निधी संस्थेला मिळतो आणि ती संस्था कोणत्या देशात नोंदलेली आहे, हे बघितलं जातं. आइंडहोव्हनच्या कंपनीत कामाला असलेला भारतीय अभियंता प्रकल्पावर इतरांसारखाच काम करतो.

भारतातल्या संस्थेचं तसं नाही. ती कन्सोर्टियममध्ये सहयोगी भागीदार म्हणून येऊ शकते, पण भारत आपोआप निधी मिळणाऱ्या देशांच्या यादीत नाही. म्हणून सहसा तिला आपला खर्च आपणच करावा लागतो. वर्क प्रोग्रॅममध्ये वेगळं म्हटलं असेल तरच अपवाद. भारत आणि युरोपीय संघ यांच्यात सेमीकंडक्टरविषयी २०२३मध्ये सामंजस्य करार झाला आहे. मात्र तो म्हणजे चिप्स जेयूचा निधी नव्हे. तुलनेसाठी, ब्रिटन २०२४मध्ये चिप्स जेयूचा सहभागी देश झाला. त्यामुळे तिथल्या संस्थांची स्थिती आता निराळी आहे.

१५. कंपनी युरोपात नोंदलेली आहे, पण मालक बाहेरचे आहेत. अडचण येईल?

साध्या संशोधन कॉलमध्ये बहुधा नाही. क्षमता उभारणीच्या कॉलमध्ये, विशेषतः पायलट लाइनसारख्या, मालकी आणि नियंत्रण कोणाकडे आहे हे तपासलं जाऊ शकतं. कॉलच्या मजकुरात तसं लिहिलेलं असतं. तिथे भागधारकांची पूर्ण साखळी कागदावर दाखवावी लागते आणि ती गोळा करायला आठवडे लागतात.

१६. आम्हाला प्रकल्प नको, फक्त पायलट लाइनवर आमचं डिझाइन करून बघायचंय. जमेल?

याचसाठी त्या उभ्या राहत आहेत. लुवेनला आयमेकची नॅनोआयसी, २ नॅनोमीटरच्या पलीकडच्या तंत्रज्ञानासाठी. ग्रनोबलला सीईए-लेटीची फेम्स, एफडी-एसओआय या चिपनिर्मितीच्या प्रकारासाठी. फ्राउनहोफरच्या नेतृत्वाखालची एपेक्स, पॅकेजिंग आणि वेगवेगळ्या चिप्सच्या जोडणीसाठी. इटलीत कॅटानियाला सिलिकॉन कार्बाइड, गॅलियम नायट्राइड अशा वाइड बँडगॅप पदार्थांसाठी. आणि स्पेनच्या आयसीएफओच्या नेतृत्वाखालची पिक्सयुरोप, फोटॉनिक चिप्ससाठी. बाहेरच्यांना प्रवेश हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. सुरुवात आपल्या देशाच्या चिप कॉम्पिटन्स सेंटरपासून करा. कोणत्या लाइनवर आपलं काम बसेल, हे ते सांगतील.

१७. शोध लागला तर तो कोणाचा?

ज्याने लावला त्याचा, ब्रसेल्सचा नाही. दोघांनी मिळून लावला आणि कोणाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नसेल, तर तो दोघांच्या सामाईक मालकीचा होतो. प्रकल्पात येताना तुम्ही काय घेऊन आलात आणि त्यातलं इतरांना काय वापरायला देणार, हे कन्सोर्टियम करारात आधीच लिहा. छोट्या कंपन्या हा परिच्छेद मोठ्या भागीदाराच्या वकिलावर सोडून देतात. तसं करू नका. तुमचा आयपी ब्लॉक, तुमचा अल्गोरिदम नावानिशी यादीत घाला आणि जे द्यायचं नाही तेही नावानिशी लिहा.

निकाल संघाबाहेरच्या कंपनीला विकायचा किंवा एकट्या तिलाच परवाना द्यायचा असेल तर करार पुन्हा वाचा. काही करारांत प्रकल्प संपल्यावर चार वर्षांपर्यंत त्याला हरकत घेण्याचा अधिकार निधी देणाऱ्याकडे राखलेला असतो.

१८. याच कामासाठी एक्सेक्स किंवा आयपीसीईआयमधूनही पैसे घेता येतील का?

एकाच खर्चासाठी दोनदा युरोपीय किंवा सरकारी पैसा घेता येत नाही. प्रश्न ६मध्ये सांगितलेली संघ-देश विभागणी नियमातच ठरलेली असल्यामुळे ती यात मोडत नाही. कामाचे वेगळे भाग वेगळ्या योजनांत टाकता येतात, पण सीमारेषा कागदावर स्पष्ट हवी.

एक्सेक्स हा युरेका जाळ्यातला क्लस्टर आहे. तिथे पैसा फक्त देशांचा असतो आणि प्रकल्प तुलनेने लहान असतात. तीन-चार भागीदारांच्या कामासाठी मी अनेकदा आधी तिकडे बघायला सांगतो. आयपीसीईआय ही देशांनी आपापल्या कंपन्यांना द्यायची मोठी मदत आहे. जून २०२३मध्ये मंजूर झालेल्या मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या आयपीसीईआयमध्ये १४ देशांनी मिळून ८.१ अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली होती.

१९. आमच्या सेन्सरचा उपयोग लष्करातही होऊ शकतो. अर्ज करावा का?

होरायझन युरोपमधल्या प्रकल्पाचा रोख केवळ नागरी वापराकडे असावा लागतो. तंत्रज्ञान दोन्हीकडे चालणारं असलं तरी चालतं, पण प्रस्तावातलं काम आणि प्रात्यक्षिक नागरीच हवं. निर्यात नियंत्रणाखालच्या वस्तू संघाबाहेरच्या भागीदाराकडे पाठवणार असाल, तर परवान्याला लागणारा वेळ वेळापत्रकात धरा. फक्त संरक्षणासाठीच काम असेल तर युरोपीय संरक्षण निधी वेगळा आहे.

२०. भागीदार मधेच बाहेर पडला किंवा बुडाला तर?

प्रकल्प थांबत नाही. उरलेल्यांनी त्याचं काम वाटून घ्यायचं किंवा नवा भागीदार आणायचा आणि करारात दुरुस्ती करून घ्यायची. गेलेल्या भागीदाराने घेतलेली जास्तीची आगाऊ रक्कम परत आली नाही, तर त्यासाठीच प्रश्न १२मधला विमा निधी असतो. त्याचं कर्ज इतरांच्या डोक्यावर बसत नाही.

किचकट भाग देशाच्या पैशाचा. गेलेला भागीदार ऑस्ट्रियाचा आणि नवा पोर्तुगालचा असेल, तर ऑस्ट्रियाची रक्कम त्याच्याबरोबर प्रवास करत नाही. पोर्तुगालकडे त्या वर्षाच्या कॉलचे पैसे शिल्लक असतील तरच नव्याला देशाचा वाटा मिळेल. म्हणून शक्य असेल तर बदली त्याच देशातून शोधा, आणि को-ऑर्डिनेटरने चिप्स जेयूच्या प्रकल्प अधिकाऱ्याला कळवण्याच्या दिवशीच त्या देशाच्या कार्यालयालाही कळवावं.